तुनी का तिनी?

पत्तेवाली अक्का कधी बसत नसे. पत्ते मांडण्यापुरती खाली वाकायची, मांडून झाले की पदर खोचून उभी राहायची आणि मग तिच्या खोलीभर येरझाऱ्या सुरू. समोरची बाई बिचारी पाटाजवळ मांडी घालून, मान वर करून, अक्का जाईल तिकडे डोकं फिरवत राही. चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. दारापाशी पोचली की कडीला हात लावायचा, दाराच्या फटीतून गल्लीत एक नजर टाकायची आणि मागे फिरायचं. बोलायची तेही चालता चालता, बहुतेक वेळा आपल्याकडे पाठ असताना. भविष्य सांगणारी माणसं मी पुढे बरीच पाहिली. ती डोळे मिटतात, आवाज खाली आणतात, उदबत्ती लावतात. अक्काच्या खोलीत उदबत्तीचा नव्हे, ज्वारीच्या बिबड्यांचा वास असे, आणि तिच्याइतकी अस्वस्थ बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मला धुळ्याला शाळेत नोकरी लागली आणि पांझरा नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मी खोली घेतली. घर जळगावला. दर शनिवारी दुपारची एस.टी. धरून जळगाव, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. अक्काची खोली माझ्या खोलीला लागून. ती व्यापाऱ्यांच्या घरांसाठी पापड, कुरडया, बिबडे करून द्यायची. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत सुरतेला कापडाच्या गिरणीत गेला. आधी सणावाराला यायचा, मग एका वर्षी आला नाही, आणि मग आलाच नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. अक्कानं कपाळावरचं कुंकू पुसलं नाही आणि खोलीही सोडली नाही. गल्लीतल्या बायका तिच्याबद्दल बोलताना आवाज हळू करत. नवी सून आली की तिला आधी अक्काच्या पाया पडायला आणत. अशी वाट बघणारी बाई आता होणे नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

साधे पत्ते ती पहिल्यापासून बघायची. बदामाचा राजा म्हणजे अमुक, किलवरची राणी म्हणजे तमुक, तसं. ते दुसरे मोठे, चित्रांचे पत्ते तिच्याकडे आले त्याला कारण शेठाणी. आमच्या घरमालकाची ही बायको, राजस्थानी जैन घरातली, गल्लीतला एकुलता एक टीव्ही तिच्याकडे. तिचा कोणी भाचा हिऱ्यांच्या धंद्यात परदेशी गेला होता. त्यानं मामीला पत्त्यांचा नाद म्हणून एक देखणा जोड आणला. शेठाणीनं चार बायका बसवून रमीचा डाव मांडला, तर पत्ते संपता संपेनात, आणि एकीच्या हातात हाडांचा सापळा आला. ती बाई पत्ते टाकून उठली. मग शेठाणीनं तो जोड रुमालात बांधून अक्काकडे पाठवला, की बाई, तुझ्या कामाचे असतील तर बघ, नाहीतर चुलीत घाल.

अक्का जेमतेम चौथी शिकलेली. पत्त्यांवर खाली नावं होती, ती तिनं मला वाचायला सांगितली. अक्षरं ओळखीची, पण भाषा इंग्रजी नव्हती, कुठली तरी तिसरीच. मी हात टेकले. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. तिनं एकेक पत्ता उजेडात धरून नावं ठेवून टाकली. कंदील घेतलेला म्हातारा म्हणजे रात्रीचं शेतात पाणी भरायला निघालेला. चाक म्हणजे रहाट. पडणारा बुरूज म्हणजे धाबं, कारण आमच्याकडे पडलं तर घराचं मातीचं छत, म्हणजे धाबंच पडतं. विळा घेतलेला सापळा म्हणजे सोंगणी, पिकाची कापणी. आणि एक माणूस एका पायावर उलटा टांगलेला होता, चेहऱ्यावर दुःख नाही की सुख नाही. त्याला ती ‘सुरतवाला’ म्हणायची. खानदेशातली निम्मी पोरं सुरतेला, ना इथली ना तिथली, म्हणून हे नाव, असं मी समजले आणि हसले. अक्काही हसली. नवऱ्याची आठवण काढून हसू शकते म्हणजे बाई मोठ्या मनाची, असं मला तेव्हा वाटलं.

मी तिच्याकडे गेले ती गिऱ्हाईक म्हणून. माझा पत्त्यांवर विश्वास नव्हता, पण जळगावला माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि रविवारी बघायला आलेला बोदवडचा मुलगा मनातून जात नव्हता. वाईट अर्थानं. रात्री झोप नाही, जेवण नाही, छातीत सारखं धडधडत. पत्ते मांडून अक्का दोन फेऱ्या मारून आली आणि विचारलं, “हाई धाकधूक कोनी शे? तुनी का मायनी?” मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावून सांगितलं ते असं, की दुसऱ्याची काळजी आपल्या अंगात शिरते, कपड्यांना फोडणीचा वास लागतो तशी, आणि मग माणूस ती स्वतःची समजून वाहत राहतो. मी विचार केला. मुलगा मला नापसंत होता, एवढंच. त्यात धडधडण्यासारखं काही नव्हतं. धडधडत होती माझी आई, पोरीचं वय चाललं म्हणून. मी आईची धाकधूक दर सोमवारी पिशवीत घालून धुळ्याला आणत होते. त्या शनिवारी मी जळगावला जाऊन नाही म्हणून आले आणि परत येताना एस.टी.त शांत झोपले.

तेव्हापासून मी तिच्या मागे लागले, मला शिकव म्हणून. मी मूळची उतावळी. मला वाटलं पत्त्यांचे अर्थ पाठ केले की झालं, चार दिवसांचं काम. अक्कानं पत्त्यांना हातच लावू दिला नाही. आधी जिवाची चाल ओळखायला शीक म्हणाली. हुरहूर वेगळी, रुखरुख वेगळी, धाकधूक वेगळी आणि तगमग वेगळी. हुरहूर पुढच्याची, रुखरुख मागच्याची. धाकधूक दाराकडे बघते आणि तगमगीला दारच नसतं. दुपारी शाळा सुटून आले, की बिबडे वाळत घालता घालता ती मध्येच थांबून विचारायची, आता काय होतंय तुला, नाव सांग. बाहेर वैशाखाचा वारा धुळीचे लोट उठवत असायचा, पत्रे तापून कडकडायचे, आणि मी वैतागून म्हणायचे, अक्का, आता फक्त उकडतंय. त्यावर ती म्हणायची, हेही ओळखता आलं पाहिजे. अर्ध्या बायका उकडण्यालाच अपशकुन समजतात.

तिचं चुकायचंही. एकदा भर उन्हात तिनं माझ्या दाराची कडी वाजवली आणि म्हणाली, तुझ्या घरी काहीतरी पडलंय, आत्ताच्या आत्ता जळगावला जा. मी शाळेत निरोप धाडून धावत स्टँडवर गेले, उभ्यानं जळगाव गाठलं. घरी वडील पेपर वाचत बसलेले, आई डाळ निवडत. काय पडलं म्हणून मी हजार प्रश्न विचारले, तेव्हा आईला आठवलं की लोणच्याची एक बरणी हातातून निसटली खरी. परत येऊन मी अक्काला ते रागानं सांगितलं, तर तिनं मान हलवली, म्हणजे पडलं होतं ना, आणि पुन्हा पोळपाटाकडे वळली. या बाईला हरवणं अशक्य होतं.

वर्षभरानं एकदाचे पत्ते हातात आले. दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातली बाई आली होती. पोटुशी मुलगी माहेरी आणलेली, पहिलीच खेप, सगळं नीट होईल ना, एवढं विचारायचं होतं. अक्का म्हणाली, मास्तरीण सांगेल. मी पत्ता उलटला आणि सापळा आला. सोंगणी म्हणायचं हे माहीत होतं, पण डोळ्यांना हाडंच दिसत होती. अक्का दाराकडून परत येत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिनं तेवढंच विचारलं, “तुनी का तिनी?” मी त्या बाईकडे नीट पाहिलं. ती पाय पसरून आरामात बसली होती. मांडीवरच्या पिशवीतून नव्याकोऱ्या टोपड्याची नाडी लोंबत होती. बाईला काडीची धाकधूक नव्हती. ती बाजारात टोपडं घ्यायला आली होती आणि जाता जाता कोणाला तरी सांगावं म्हणून आमच्याकडे डोकावली होती. मी म्हणाले, सोंगणी आहे, पीक घरात येतंय. ती खूश होऊन गेली, आणि पंधरवड्यानं तिच्या घरचा पेढा आला. अंतर्ज्ञान म्हणतात ते हेच का, असं मी अक्काला विचारलं. तिला तो शब्द कळला नाही. ती म्हणाली, आपली धाकधूक बाजूला ठेवली की समोरचं माणूस दिसतं, बाकी पत्ते बित्ते सगळे निमित्त.

पण तिची खरी शाळा भरायची ती एस.टी. स्टँडवर. सुटीच्या दिवशी ती मला तिथं घेऊन जायची. चहाच्या टपरीशेजारी उभं राहायचं, आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघणारी माणसं बघायची. कोण वाट बघतंय आणि कोण धास्तीत आहे, ते ओळखायचं. मी तोंडं बघून सांगायचे आणि हटकून चुकायचे. दोघांचंही लक्ष रस्त्याकडे, दोघांच्याही कपाळावर आठ्या, दोघंही पुन्हा पुन्हा उठून बघतात. शेवटी अक्कानं गुपित सांगितलं. “तोंड नको देखू. पाय देख.” ज्याला कोणी यायला हवं असतं, त्याचे पाय गाडीकडे असतात. ज्याला कोणी येऊ नये असं वाटतं, त्याचं तोंड गाडीकडे आणि पाय मागे वळलेले. मी बघत राहिले. सुरतेची गाडी लागली आणि माणसं उतरू लागली. एक म्हातारी पुढे धावली. एक तरुण मुलगी मान उंच करून खिडक्या शोधत होती, पण तिच्या चपला मात्र शौचालयाच्या भिंतीकडे वळलेल्या. त्या दिवसानंतर मला माणसांच्या पायांचं वेड लागलं. शाळेतही मी पोरांचे पाय बघू लागले.

अक्काला एक धाकटी बहीण होती, शिरपूरला दिलेली. घर मोठं, माणसं चांगली. बहीण वर्षातून दोनदा येऊन बसायची आणि रडायची, की अक्का, आता गुडघे धरले तुझे, पोळपाट लाटणं किती दिवस, चल माझ्याकडे कायमची. अक्काचं उत्तर ठरलेलं. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? यावर बहीण डोळे पुसायची आणि गल्ली धन्य व्हायची. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की अक्का आणखी एक गोष्ट करायची. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून रोट करतात, आणि तो रोट घराबाहेरच्या माणसाला देत नाहीत. अक्काच्या घरात पुरुष एकच, तोही नसलेला. ती त्याच्या नावाची सव्वा मूठ घ्यायची, तेवढ्याचाच इवलासा रोट करायची आणि एकटी खायची. उभ्या उभ्या. ते बघून शेठाणीसुद्धा पदर डोळ्याला लावायची. मलाही भरून यायचं, खोटं कशाला बोलू.

ती मला एवढं जीव तोडून का शिकवते, हे मला फार उशिरा कळलं. स्वतःचे पत्ते स्वतःला वाचता येत नाहीत, असं ती नेहमी म्हणायची. आपलीच धाकधूक आणि आपलाच डोळा, मग दिसणार काय. मला धुळ्याला येऊन चार उन्हाळे झाले होते. त्या उन्हाळ्यात अक्का चुलीपाशी चक्कर येऊन पडली. बहीण शिरपूरहून आली आणि या वेळी रडली नाही. ती म्हणाली, आता एकदाच काय ते सांग, येतेस की नाही, नाहीतर मी पुन्हा विचारायला येणार नाही. अक्कानं चार दिवस मागितले. बहीण माझ्या खोलीत थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का रुमालात बांधलेले पत्ते घेऊन माझ्याकडे आली, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “मास्तरीण, आज मन्हं देख. तो येई का?”

मी तिच्या खोलीत गेले. बहीण भिंतीला टेकून बसली. मी पत्ते पिसले. धाकधूक होत होती आणि ती माझीच आहे, एवढं मला कळत होतं, म्हणून मी ती बाजूला ठेवायचा प्रयत्न केला. पहिलाच पत्ता उलटला तो सुरतवाला. बहिणीनं तोंडात पदर धरला. अक्का चालायला लागली. चुलीपासून दार, दारापासून चूल. मी पुढचे पत्ते मांडले, रहाट, धाबं, तो कंदीलवाला, आणि मला काही म्हणजे काही कळेना. येईल म्हणावं तर ही बाई या खोलीत मरेपर्यंत लाटत राहणार. येणार नाही म्हणावं, तर ज्याच्यासाठी इतकी वर्षं काढली ते एका मास्तरणीनं पुसून टाकायचं. अक्का दारापाशी पोचली, कडीला हात लावला आणि फटीतून गल्लीत पाहिलं. त्या वेळी माझी नजर सवयीनं खाली गेली.

तिचं तोंड रस्त्याकडे होतं. पाय आत वळलेले होते, चुलीमागच्या कोपऱ्याकडे. आणि कडीवरचा हात कडी काढायला नव्हता. ती घट्ट बसली आहे ना, हे तो हात बघत होता.

मी चार वर्षं तिच्या शेजारी राहिले होते, आणि हे रोज डोळ्यांपुढे होतं. मी पत्ते गोळा केले. मी म्हणाले, “अक्का, तो येईल का हे मला दिसत नाही. पण तू त्याची वाट बघत नाहीस. तो येईल म्हणून तुझी धाकधूक आहे.”

बहीण माझ्यावर खेकसली, की बाई, काय बोलतेस, शुद्धीवर आहेस का. अक्का दारापासून मागे फिरली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि खाली बसली. भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून. मी तिला बसलेली पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ती केवढीशी वाटली. मग ती बहिणीकडे बघून म्हणाली, “तो गया ना, त्या रातले माले झोप लागनी.” शांत झोप लागली, एवढंच. तो मारायचा का, काय करायचा, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बहीण उठून तिच्याजवळ गेली आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसली. लोकांनी तिला वाट बघणारी ठरवून टाकलं होतं आणि पाया पडून पडून तिथंच जखडून ठेवलं होतं. त्यात मीही होते. गल्लीची श्रद्धा ती स्वतःची समजून वाहत होती. मला त्या दुपारी सगळ्या गल्लीचा संताप आला, आणि तो मात्र माझाच होता.

आठवड्याच्या आत ती शिरपूरला गेली. गल्लीनं ओटी भरली. शेठाणीनं शिरपूरचा पत्ता मागितला, की तो आलाच तर सांगायला हवा ना. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. अक्का शांतपणे म्हणाली, कोणी आलं तर सांगा, ती बाई इथं राहत नाही. पत्त्यांचा जोड तिनं मला दिला, पण सुरतवाला त्यात नव्हता. शेठाणीनं पहिल्याच दिवशी सुचवलं होतं तिथंच, चुलीत, तो गेला असावा.

पुढे माझीही बदली झाली, लग्न झालं, मनासारखं. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. बायका अजूनही माझ्याकडे पत्ते बघायला येतात, आणि एक पत्ता कमी असलेल्या त्या जोडानं मी काय सांगत असेन ते सांगते. माझ्याच घरात कोणी चिंतेनं फेऱ्या मारू लागलं, की तोंडातून निघून जातं, तुनी का तिनी? माझ्या मुली त्यावरून माझी थट्टा करतात. खरं सांगायचं तर अजूनही मला दर वेळी ओळखता येत नाही. मग मी पाय बघते.

ती शिरपूरला गेली त्याच श्रावणात, कानबाईच्या रविवारी, मी तिला भेटायला गेले होते. बहिणीकडे मोठा गोतावळा जमला होता. घरातल्या पुरुषांच्या नावाच्या मुठी मोजून दळण झालेलं, चुलीवर गडबड. एका बाजूला वेगळा ठेवलेला एक लहानसा रोट होता, ओळखीचा, तेवढाच. बहीण मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजली, की तूच विचार बाई हिला, पुन्हा सव्वा मूठ घेतली हिनं, आणि कोणाची ते सांगत नाही. अक्का ओट्यावर बसली होती, दाराकडे पाठ करून, पाय खाली सोडून हलवत. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, अक्का, ही मूठ कोणाच्या नावाची? तिनं रोट मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी म्हणाले, बाहेरच्याला देत नाहीत ना.

“मनी शे, मन्हाच नावनी,” ती म्हणाली. “खाय तू.”